बारा कोटी कशाचे?

१९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. पंकज मिथल यांच्या खंडपीठाने एका जोडप्याचं लग्न संविधानाच्या कलम १४२ खाली संपवलं आणि पत्नीला एकरकमी १२ कोटी रुपये द्यायला सांगितलं. बातमी तुम्ही वाचली असेलच. नसेल तरी तिचा एक तुकडा व्हॉट्सॲपवर नक्की येऊन गेला असेल: हे कायदे बायकांच्या कल्याणासाठी आहेत, नवऱ्याकडून पैसे उकळायला नाहीत, असं न्यायालय म्हणालं तो. नऊच दिवस आधी न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने दुसऱ्या एका प्रकरणात पत्नीला ५ कोटी आणि मुलाला १ कोटी दिले होते. त्याच आठवड्यात बंगळुरूमधल्या एका अभियंत्याच्या आत्महत्येने देशभर हळहळ आणि संताप होता. त्यामुळे दोन्ही निकाल कायदा म्हणून कुणी वाचलेच नाहीत. बाजू घेण्यासाठी वाचले गेले.

मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. मोजमाप करणाऱ्या विषयात पीएचडी करते, आणि या ब्लॉगवर एरवी शोधनिबंध सोपे करून सांगते. तरी या निकालावर लिहायचं कारण म्हणजे त्यातली अडचण मला ओळखीची वाटली. एखाद्या प्रयोगात आकडा विचित्र आला की आमचे सर आधी एकच विचारतात, 'हे कशाचं माप आहे?' १२ कोटी जास्त आहेत की कमी, यावर तासभर भांडता येतं. पण ते कशाचे आहेत? निकालात याचं सरळ उत्तर सापडत नाही. माझ्या मते दोष न्यायमूर्तींच्या दृष्टीत कमी आणि त्यांच्या हातात दिलेल्या मोजपट्टीत जास्त आहे.

आधी थोडी हकीकत. दोघांचंही हे दुसरं लग्न, जुलै २०२१ मधलं. नवरा अमेरिकेचा नागरिक, तिथला मोठा व्यावसायिक. एकत्र राहणं झालं ते काही महिन्यांचं. घटस्फोटाचा खटला भोपाळहून पुण्याला हलवावा, असा पत्नीचा अर्ज होता आणि त्यातून प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. पत्नीचं म्हणणं असं, की नवऱ्याची मालमत्ता ५,००० कोटींची आहे, पहिल्या पत्नीला त्याने ५०० कोटी दिले आहेत, तेव्हा मलाही त्याच तोलाचं काही मिळावं. न्यायालयाने हे मानलं नाही. संपत्तीची बरोबरी करून घेण्यासाठी पोटगी मागण्याच्या प्रवृत्तीबद्दल गंभीर नापसंती नोंदवली. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने काढलेला १० कोटींचा अंदाज स्वीकारला आणि सासऱ्यांच्या मालकीची घरं सोडावी लागणार म्हणून दुसरं घर घ्यायला आणखी २ कोटी दिले.

५,००० कोटींच्या बरोबरीची मागणी फेटाळली हे मला योग्यच वाटतं. खटकतं ते त्यासाठी दिलेलं कारण. कारण या प्रकरणात चाललं, पण पुढच्या पंचवीस-तीस वर्षांच्या संसाराच्या खटल्यात तेच वापरलं तर एखाद्या बाईचं मोठं नुकसान होईल.

आपल्या भाषेतला शब्द बघा. पोटगी. त्यात पोट आहे. बाईला नवऱ्याकडून काय मिळायचं, तर पोटापुरतं. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे आणि त्याचं कलम २५ घटस्फोटानंतरच्या कायमच्या पोटगीबद्दल आहे. न्यायालयाने दोघांचं उत्पन्न, दोघांची मालमत्ता, दोघांचं वर्तन बघायचं आणि रक्कम ठरवायची. शब्दात पोट असलं तरी न्यायालयांनी ते फार पूर्वी ताणून मोठं केलं: बायकोला लग्नात ज्या राहणीमानाची सवय होती, साधारण तसं जगता आलं पाहिजे. ५ कोटींच्या निकालात विचारात घ्यायचे आठ मुद्दे दिलेत. त्यात सामाजिक-आर्थिक स्थिती आहे, वाजवी गरजा आहेत, घरातलं राहणीमान आहे, बायकोने संसारासाठी नोकरी सोडली का हे आहे, नवऱ्याची ऐपत आहे. पगारदारांच्या बाबतीत तर २५ टक्क्यांचा ठोकताळा वापरतात. १९७० च्या एका निकालाचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम वाजवी ठरवली, आणि तेव्हापासून अनेक वकील ते सूत्रच असल्यासारखं बोलतात.

आता या आठ मुद्द्यांत काय नाही ते बघा. लग्न झालं त्या दिवशी दोघांकडे काय होतं, लग्न मोडलं त्या दिवशी काय आहे, आणि मधली वाढ कुणाची, हा प्रश्नच नाही. त्याच कायद्याचं कलम २७ मालमत्तेबद्दल आहे, पण ते लग्नाच्या वेळी किंवा त्याच्या आसपास भेट मिळालेल्या सामायिक वस्तूंपुरतं. त्यात कपाट-भांडी येतात. वीस वर्षांत नवऱ्याच्या नावावर जमलेले शेअर्स येत नाहीत.

पावसाळ्यात पेपरात रोज दोन आकडे येतात. खडकवासल्यात किती टीएमसी साठा आहे आणि मुठेत किती क्युसेक पाणी सोडलं. एक साठा, दुसरा विसर्ग. दोन्ही पाण्याचेच आकडे, पण क्युसेक सांगून धरण किती भरलंय ते कळत नाही. पोटगी हा विसर्ग आहे, दरमहा किती सोडायचं याचा हिशोब. श्रीमंत घटस्फोटातलं खरं भांडण मात्र साठ्यावरून असतं. साठ्यासाठी वेगळा कायदाच नसल्यामुळे आपण तोही विसर्गाच्याच मापाने मोजतो, आणि मग १२ कोटी बघून एका बाजूला वाटतं 'एवढ्या पैशांत ही खाणार तरी काय', तर दुसऱ्या बाजूला वाटतं 'पाच हजार कोटींपुढे हे म्हणजे चिल्लर'. आपापल्या मापाने दोघंही बरोबर आहेत.

हाच पेच इंग्लंडमध्ये २००० सालापर्यंत होता. योगायोगाने तिथेही कलम २५ च, १९७३ च्या विवाहविषयक कायद्याचं. तिथल्या न्यायालयांनी 'वाजवी गरज' नावाची मर्यादा घालून घेतली होती. नवरा कितीही श्रीमंत असो, बायकोच्या वाजवी गरजा मोजायच्या, तेवढे पैसे द्यायचे, उरलेलं सगळं नवऱ्याचं. मग व्हाइट विरुद्ध व्हाइट हा खटला आला. हे सॉमरसेटमधलं शेतकरी जोडपं, दूधदुभत्याचा धंदा, १९६१ चं लग्न, तेहतीस वर्षांनी मोडलेलं. बाई घरात बसून नव्हत्या, शेतीच्या धंद्यात त्या रीतसर भागीदार होत्या. सगळं मिळून मालमत्ता सुमारे ४६ लाख पौंडांची. खालच्या न्यायाधीशांनी बाईंच्या गरजा मोजल्या आणि त्यांच्या वाट्याला जेमतेम पाचवा हिस्सा ठेवला. त्यांना स्वतः शेती करायची होती, पण चालतं शेत मोडून त्यांना नव्याने शेती करू देणं शहाणपणाचं नाही, असं ठरलं. घर आणि म्हातारपणाची सोय झाली की पुरे.

जरा थांबून बघा. धंद्यातून नुसता भागीदार म्हणून कुणी बाहेर पडत असेल, तर त्याला 'तुला जगायला किती लागतं' असं कुणी विचारत नाही. ताळेबंद काढतात. भागीदार बायको असली की ताळेबंदाच्या जागी किराणा मालाची यादी येते.

अपिलात ती रक्कम १५ लाख पौंडांपर्यंत गेली आणि २६ ऑक्टोबर २००० ला हाउस ऑफ लॉर्ड्सने ती कायम ठेवली. लॉर्ड निकल्स यांनी त्यात मांडलेलं म्हणणं माझ्या शब्दांत असं: गरजा भागवून भरपूर उरत असेल, तर ते उरलेलं दर वेळी नवऱ्याच्याच पदरात का पडावं? पैसा कमावणारा आणि घर-मुलं सांभाळणारा यांच्यात कायद्याने भेद करू नये, आणि निकाल देण्याआधी तो समान वाटणीच्या पट्टीला लावून बघावा. फरक ठेवायचा असेल तर कारण द्यावं. गंमत अशी की १५ लाख म्हणजे अर्धे नव्हेतच. बाईंना निम्मं मिळालं नाही. बदललं ते हे, की कमी का दिलं याचं उत्तर देण्याची जबाबदारी आता न्यायाधीशांवर आली.

आपल्या १२ कोटींच्या निकालात न्यायालयाने एक बिनतोड वाटणारा प्रश्न विचारला आहे. लग्न मोडल्यावर दुर्दैवाने नवरा कंगाल झाला असता, तर बायकोने संपत्तीची बरोबरी मागितली असती का? व्हॉट्सॲपवर हाही फिरला. पण ज्या कायद्यात संसार ही भागीदारी मानतात, तिथे याचं उत्तर लिहून ठेवलेलं आहे, आणि ते बघायला आपल्याला इंग्लंडला जायची गरज नाही. सावंतवाडीच्या पुढे गेलं की झालं.

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतले कौटुंबिक नियम अजून चालतात. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर दोघांची सगळी मालमत्ता एकत्र होते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा हक्क असतो. घर विकायचं तर दोघांची सही लागते. आणि संसारासाठी काढलेलं कर्जही त्याच सामायिक मालमत्तेवर बसतं. म्हणजे नवरा बुडाला तर बायकोचा निम्मा हिस्साही बुडतो. न्यायमूर्तींनी टोला म्हणून विचारलेल्या प्रश्नाचं गोव्यातलं उत्तर आहे, 'हो, तोटासुद्धा निम्मा'.

म्हणून गोव्याचा कायदा देशभर लावावा का? इथे मी थांबते. गोव्याची पद्धत या १२ कोटींच्या प्रकरणाला लावून बघा. करार नसेल तर लग्नाआधीची मालमत्ताही एकत्र होते. काही महिन्यांच्या संसारानंतर, पत्नीने सांगितलेला आकडा खरा धरला तर, २,५०० कोटी. पहिल्या पत्नीला पैसे दिले गेले ते या लग्नाच्या आधी, म्हणजे डोंगर तेव्हाच उभा होता. त्याच्या उभारणीत दुसऱ्या पत्नीचा हात असण्याचा प्रश्नच येत नाही. हा निकाल कुणालाच न्याय्य वाटणार नाही. मलाही नाही.

मला पटते ती जर्मनीची पद्धत. तिथे १ जुलै १९५८ पासून, वेगळा करार नसेल तर, लग्नात ज्याची त्याची मालमत्ता ज्याच्या त्याच्या नावावर राहते. घटस्फोटाच्या वेळी प्रत्येकाची सुरुवातीची मालमत्ता आणि शेवटची मालमत्ता मांडतात. वारशाने किंवा भेट म्हणून मिळालेलं सुरुवातीच्या खात्यात धरतात, सुरुवातीचा आकडा महागाईप्रमाणे वाढवून घेतात, आणि वजाबाकी करतात. ज्याची वाढ जास्त, त्याने फरकाचा निम्मा दुसऱ्याला द्यायचा. बस.

एक काल्पनिक उदाहरण करून बघू (महागाई सध्या बाजूला ठेवू). लग्नाच्या वेळी त्याच्याकडे २० लाख, तिच्याकडे ५ लाख. बावीस वर्षांनी त्याच्याकडे ८ कोटी, तिच्याकडे ४५ लाख. त्याची वाढ ७ कोटी ८० लाख, तिची ४० लाख. फरक ७ कोटी ४० लाख, निम्मा ३ कोटी ७० लाख. यात तिला महिन्याला किती साड्या लागतात, गाडी कुठली हवी, स्वयंपाकाला बाई हवी का, यातलं काही विचारावं लागलं नाही. तिच्या स्वभावाची चिरफाड नाही. आणि हीच रीत १२ कोटींच्या प्रकरणाला लावली तर? काही महिन्यांतली वाढ कितीशी असणार? वाटणी अगदी किरकोळ आली असती. उरला असता तो फक्त नवीन बिऱ्हाड थाटेपर्यंतच्या आधाराचा प्रश्न. १२ कोटींच्या कितीतरी आतला.

म्हणजे याच वजाबाकीने अल्पकाळ टिकलेल्या लग्नाला आजच्यापेक्षा कमी मिळतं आणि लांबच्या संसाराला जास्त. आज राहणीमानाच्या पट्टीने उलटं होऊ शकतं: महालात तीन महिने राहिलेल्या बाईची 'सवय' मोठी आणि काटकसर करून धंदा उभा करायला साथ दिलेल्या बाईची सवय छोटी. पैसे वाचवले म्हणून तिचं राहणीमान साधं, आणि राहणीमान साधं म्हणून पोटगी कमी. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्यापुढे अठरा महिने टिकलेल्या लग्नाचं प्रकरण आलं होतं. १२ कोटी, मुंबईत घर आणि बीएमडब्ल्यू अशी मागणी. तुम्ही शिकलेल्या आहात, कमवा, या अर्थाचं ते बोलले आणि शेवटी मुंबईतलं घर तिला मिळालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण तिथेही घराची किंमत अठरा महिन्यांशी कशी जोडली गेली हे कुणी विचारलं नाही.

आता संशोधनाकडे येते, कारण 'राहणीमान' हे माप किती निसरडं आहे याचा सगळ्यात प्रसिद्ध धडा समाजशास्त्रात गिरवला गेलाय. १९८५ मध्ये लेनोर वाइट्झमन यांचं 'द डिव्होर्स रेव्होल्यूशन' हे पुस्तक आलं. कॅलिफोर्नियाने १९७० पासून कुणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट द्यायला सुरुवात केली होती. त्याचे परिणाम त्यांनी अभ्यासले. लॉस एंजेलिस काउंटीतले २२८ घटस्फोटित स्त्री-पुरुष, १९७८ मधल्या मुलाखती. पुस्तकातलं एक वाक्य जगभर गेलं: घटस्फोटानंतरच्या पहिल्या वर्षात बायकांचं राहणीमान ७३ टक्क्यांनी घसरतं आणि पुरुषांचं ४२ टक्क्यांनी वाढतं. अमेरिकन सोशिऑलॉजिकल असोसिएशनचा पुरस्कार, वर्तमानपत्रं, न्यायालयांचे निकाल, सगळीकडे ७३.

मोजलं कसं होतं? 'राहणीमान' थेट मोजता येत नाही. म्हणून कुटुंबाचं उत्पन्न घ्यायचं आणि तेवढ्या माणसांच्या कुटुंबाला किमान किती लागतं याने भागायचं. हे गुणोत्तर घटस्फोटाआधी किती, नंतर किती. पद्धत ठीकच आहे. पण हॉफमन आणि डंकन या दोन अभ्यासकांनी १९८८ मध्ये दाखवलं की वाइट्झमन यांच्याच पुस्तकात दिलेल्या उत्पन्नांवरून हिशोब केला तर घट साधारण एक-तृतीयांश येते, ७३ टक्के येऊच शकत नाही. तरी आकडा फिरतच राहिला. मग रिचर्ड पीटरसन यांनी जतन करून ठेवलेला मूळ डेटा मिळवला, तीच पद्धत वापरून तोच हिशोब पुन्हा केला आणि १९९६ मध्ये 'अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू'मध्ये छापला. बायकांची घट २७ टक्के. पुरुषांची वाढ १० टक्के. त्याच अंकात वाइट्झमन यांनी आपला आकडा चुकल्याचं मान्य केलं.

अकरा वर्षं. मधल्या काळात किती वकिलांनी, न्यायाधीशांनी, कार्यकर्त्यांनी हा आकडा वापरला असेल! २७ टक्के ही घटसुद्धा लहान नाही हो. तुमच्या घरातून दर शंभर रुपयांतले सत्तावीस उद्यापासून गेले तर काय होईल बघा. पण ७३ च्या शेजारी तो बिचारा वाटतो. पुढे मॅकमॅनस आणि डिप्रीट यांनी २००१ मध्ये दाखवलं, की ज्या घरांत बायकोची कमाई घराचा मोठा आधार होती, तिथल्या पुरुषांचंही घटस्फोटानंतर नुकसानच होतं. चित्र हळूहळू गुंतागुंतीचं होत गेलं.

वाइट्झमन यांच्या पुस्तकाबद्दल मला खरी चुटपुट वेगळीच लागते. चुकीच्या आकड्याच्या गोंगाटात त्यांचं बरोबर म्हणणं दबलं. कॅलिफोर्नियात मालमत्तेची निम्मी वाटणी कायद्याने होतच होती. तरी बायका का घसरल्या? कारण बहुतेक जोडप्यांकडे वाटायला फारसं नव्हतंच. एक घर, तेही विकून पैसे अर्धे केले की मुलांसकट आई रस्त्यावर. लग्नात दोघांनी मिळून कमावलेली सगळ्यात मोठी गोष्ट बँकेत नव्हती. ती होती नवऱ्याची कारकीर्द: शिक्षण, अनुभव, पेन्शन, पुढे वाढणारा पगार. वाटणीच्या कागदावर तिची नोंद नाही, आणि घटस्फोटानंतर ती अख्खी एकाबरोबर जाते. माझ्या वजाबाकीला हा सरळ धक्का आहे आणि तो मी टाळणार नाही. साठा मोजायची जर्मन रीत जिथे साठा आहे तिथेच चालते.

न्यूयॉर्कमध्ये १९८५ सालीच याचं टोकाचं उदाहरण घडलं. बायको शिक्षिका. नवरा डॉक्टर व्हावा म्हणून तिने नोकरी करून घर चालवलं, त्याच्या शिक्षणासाठी मेक्सिकोला गेली. डॉक्टरकीचा परवाना मिळाल्यावर दोन महिन्यांत त्याने घटस्फोटाचा अर्ज केला. त्या दिवशी त्यांची मालमत्ता काय? जवळजवळ काहीच नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने परवाना हीच लग्नातली मालमत्ता ठरवली, त्याची किंमत ४,७२,००० डॉलर धरली आणि बायकोला ४० टक्के, म्हणजे १,८८,८०० डॉलर दिले. न्यायाच्या दृष्टीने छान. मोजमापाच्या दृष्टीने भयंकर: माणूस पुढची तीस वर्षं काय कमावेल याचा आजच अंदाज बांधायचा, आणि तो उद्या आजारी पडला तरी आकडा तोच. तीस वर्षं भांडून न्यूयॉर्कने २०१५ मध्ये कायदा बदलला आणि ही पद्धत सोडून दिली.

म्हणून नियमित पोटगी काढून टाकावी असं मी म्हणत नाही. कारकिर्दीचं नुकसान भरून काढायला विसर्गच बरा, कारण तो वर्षागणिक कमी-जास्त करता येतो. आणि आपल्याकडच्या बहुतेक बायकांच्या बाबतीत तर साठा नावाची गोष्टच नाही. तिथे महिन्याच्या काही हजारांवर चूल पेटते किंवा पेटत नाही. कोटींचे निकाल पेपरात येतात म्हणून ते नेहमीचे वाटतात, एवढंच. माझी तक्रार त्या ठिकाणची आहे जिथे साठा आहे, डोळ्यांना दिसतोय, आणि तरी न्यायालय गरजेची फूटपट्टी काढतं.

त्यात बरी गोष्ट म्हणजे साठा मोजण्याची अर्धी तयारी आपल्याकडे झालेली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून आलेल्या एका प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० ला न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं. त्याआधी काय व्हायचं, तर नवरा म्हणायचा मी कफल्लक, बायको म्हणायची करोडपती, आणि न्यायाधीश मधलं काहीतरी धरायचे. आता डेटा गोळा होतो. नाही ते त्या डेटावर चालवायचं सूत्र.

ते सूत्र देण्याचा एक प्रयत्न संसदेत झालाही. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देण्याची तरतूद असलेलं विवाह कायदा सुधारणा विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केलं. लोकसभेत ते अडकलं आणि २०१४ मध्ये ती लोकसभा संपली तेव्हा विधेयकही संपलं. त्यात फक्त बायकोच्या बाजूने विचार होता, बायको जास्त कमावत असेल तर काय याचं उत्तर नव्हतं. वजाबाकीच्या रीतीला हा प्रश्न पडत नाही. ज्याची वाढ जास्त तो देणार, मग तो नवरा असो की बायको. पैसेवाल्या बायकांच्या नवऱ्यांनी पोटगी मागितली की आपल्याकडे हसतात. हिंदू विवाह कायद्याचं कलम २५ त्यांनाही ती मागू देतं, आणि निम्मी वाटणी आली तर हसू कमी येईल असा माझा अंदाज आहे.

जाता जाता एक गोष्ट दाखवते. संसार ही भागीदारी आहे, हे आपल्या एका सरकारी खात्याने मान्य केलेलं आहे, आणि ते म्हणजे आयकर खातं! १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ५अ बघा. पोर्तुगीज संहिता लागू असलेल्या जोडप्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, धंद्याचा नफा, निम्मं नवऱ्याचं आणि निम्मं बायकोचं धरून कर लावायचा. त्यासाठी विवरणपत्रात 'शेड्यूल ५ए' नावाचा तक्ता असतो. पुण्या-नागपुरात आयटीआर-२ भरणाऱ्या प्रत्येकासमोर तो येतो, आणि आपण 'लागू नाही' म्हणून पुढे जातो.